स्थूलता-शस्त्रक्रिया : रुग्णांवरील परिणाम व शुश्रूषा

अतिस्थूल व्यक्तीचे वजन उतरावे व उतरलेले राहावे, आणि त्या वजनासोबत आलेले मधुमेह, रक्तदाब, झोपेतील श्वासावरोध, गुडघ्यांची झीज इत्यादी विकार आटोक्यात यावेत, या हेतूने जठराची धारणशक्ती कमी करणाऱ्या, लहान आतड्याचा काही भाग अन्नमार्गातून वगळणाऱ्या किंवा या दोन्ही गोष्टी एकदम साधणाऱ्या शस्त्रक्रियांचा या नोंदीत विचार केला आहे. रुग्णालयांत व लोकांच्या बोलण्यात ‘बेरिॲट्रिक सर्जरी’ हेच नाव रूढ आहे. प्रत्यक्ष शल्यकर्म बहुधा काही तासांत उरकते. परंतु मूळच्या धडधाकट अवयवांत जाणूनबुजून केलेला हा फेरफार रुग्णाला उरलेली सारी हयात बाळगावयाचा असतो, आणि त्यापासून झालेला लाभ व त्याने मागितलेली किंमत ही दोन्ही वर्षांच्या, किंबहुना दशकांच्या मापाने मोजावी लागतात. सबब रुग्ण घरी गेल्यावर त्याची विचारपूस ठेवणे हा या शस्त्रक्रियेचा शेवटचा व सर्वांत लांबणारा भागच होय.

हा धडा वैद्यकाला फार महाग पडला. मिनेसोटा येथील आर्नल्ड क्रेमेन व जॉन लिनर यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांच्या पोषणविषयक महत्त्वासंबंधी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्याच्या आधाराने रिक्तांत्राचा आरंभ शेषांत्राच्या शेवटास जोडून मधले बहुतेक आतडे निकामी ठेवण्याची पद्धत पुढील वीस वर्षांत पसरली. वजन झपाट्याने उतरे, आणि पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहणाऱ्यास तो सर्वस्वी यशाचाच वाटे. परंतु नंतरच्या वर्षांत त्याच रुग्णांना न थांबणारे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, क्षारांची व जीवनसत्त्वांची उणीव आणि काहींना यकृताचा प्राणघातक ऱ्हास जडला. कित्येकांचे आतडे पुन्हा पूर्ववत् जोडावे लागले, आणि १९८० च्या सुमारास ही पद्धत टाकून देण्यात आली. ती टाकली गेली याचे श्रेय, प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्यांनी आपले जुने रुग्ण पुनःपुन्हा बोलावून तपासले आणि जे दिसले ते दडवले नाही अशा चिकित्सकांना आहे.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी, व्रणरोगासाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही या निरीक्षणावरून, चिकाशी इतो यांच्या सहकार्याने १९६६ मध्ये जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. आजच्या गॅस्ट्रिक बायपासची ही पूर्वज होय. १९८० मध्ये त्यांनीच जठराला उभे टाके घालून त्याचे मुख पट्टीने आवळण्याची निराळी रीत काढली. परंतु मेसन यांचा विशेष आदर वाटतो तो आणखी एका कारणाने : १९८६ मध्ये त्यांनी आयोवा येथे निरनिराळ्या शल्यविशारदांच्या रुग्णांची एकत्रित नोंदवही सुरू केली, आणि हातून झालेल्या कामाचा हिशेब स्वतःच्या दप्तराबाहेर नेऊन ठेवण्याचा प्रघात पाडला. दरम्यान इटलीत स्कोपिनारो यांनी पित्त व स्वादुरस यांचा मार्ग वळविणारी शस्त्रक्रिया आणली, पुढे फुगवता येणारा पट्टा आला व बव्हंशी मागेही पडला, १९९४ च्या सुमारास दुर्बिणीद्वारे बायपास होऊ लागला, आणि जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून त्याची निरुंद नळी ठेवणारी ‘स्लीव्ह’ ही सध्या जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया ठरली.

परिणामांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा वाटा स्वीडनमधील एका अभ्यासाकडे जातो. गोथेनबर्ग येथील लार्स श्योस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये त्यास प्रारंभ झाला, आणि रुग्णांची भरती २००१ च्या आरंभापर्यंत चालली. वय ३७ ते ६० आणि देहभारांक (बीएमआय) पुरुषांत किमान ३४ व स्त्रियांत किमान ३८ असणाऱ्या २,०१० व्यक्तींवर शस्त्रक्रिया झाली, आणि अठरा बाबतींत त्यांच्याशी शक्य तितक्या जुळणाऱ्या २,०३७ व्यक्तींना त्यांच्या नेहमीच्या आरोग्यकेंद्रांतील उपचारच मिळत राहिले. कोणास कोणत्या गटात घालावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे शास्त्रदृष्ट्या अधिक निर्दोष झाले असते. परंतु त्या काळी या शस्त्रक्रियांतील मृत्यूचे प्रमाण इतके भयावह समजले जाई की, नैतिक समित्यांनी तशी परवानगी दिली नाही, आणि निवड रुग्णाच्या इच्छेवर राहिली. हा दोष ध्यानात ठेवूनही अभ्यासाचे मोल उणे होत नाही, कारण प्रत्येक नागरिकाची नोंद असणाऱ्या त्या देशात, सरासरी जवळजवळ अकरा वर्षांनंतर, तिघांखेरीज प्रत्येक व्यक्ती हयात आहे की नाही हे अभ्यासकांना ठाऊक होते. एवढी चोख हजेरी ठेवणारे दीर्घ अभ्यास वैद्यकात विरळाच.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार नियंत्रित गटात, म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्यांत, १२९ व शस्त्रक्रियेच्या गटात १०१ मृत्यू घडले, आणि वय, लिंग व इतर धोके जमेस धरता शस्त्रक्रियेने मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हृदयविकाराच्या झटक्याने झालेले मृत्यू २५ च्या जागी १३ व कर्करोगाने झालेले ४७ च्या जागी २९ होते. पहिल्या नव्वद दिवसांत शस्त्रक्रियेच्या गटातील पाच जण दगावले, हेही त्याच हिशेबात नमूद आहे. वजनाचा तपशील अधिक बोलका आहे : बायपास झालेल्यांनी पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या ३२ टक्के वजन गमावले, दहाव्या वर्षी ही घट २५ टक्के राहिली, जठराला टाके घातलेल्यांची घट २५ वरून १६ वर आणि पट्टा बसविलेल्यांची २० वरून १४ वर आली. नियंत्रित गटाचे वजन या साऱ्या काळात दोन टक्क्यांच्या आतबाहेरच हलले. काही वजन परत येणे हा शरीराचा सामान्य धर्म आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. म्हणून पाचव्या वर्षी आठ-दहा किलो वाढल्याने शरमून तपासणीस येणे सोडणाऱ्या रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे. त्याने येणे सोडले की, वजनापेक्षा कितीतरी गंभीर गोष्टी नजरेआड होतात.

मधुमेहाबाबतही कालमानाने चित्र पालटते. याच अभ्यासात मधुमेहमुक्तीचे प्रमाण दोन वर्षांनी ७२ टक्के, दहा वर्षांनी ३६ टक्के आणि पंधरा वर्षांनी सुमारे ३० टक्के आढळले. नियंत्रित गटात पंधरा वर्षांनी ते साडेसहा टक्केच होते. पैकी बहुतेकांचा मधुमेह परतला असे म्हणून या फलिताकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे, कारण डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव दर हजार रुग्ण-वर्षांमागे नियंत्रित गटात ४१.८, तर शस्त्रक्रियेच्या गटात २०.६ इतकेच घडले. २०२० मध्ये आयुर्मानाचा जमाखर्च मांडला गेला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांना इतर स्थूल व्यक्तींपेक्षा तीन वर्षे अधिक लाभल्याचे, आणि तरीही सर्वसामान्य जनतेच्या मानाने त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी तोकडे राहिल्याचे निष्पन्न झाले. रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात सांगितले गेले पाहिजेत.

शस्त्रक्रियेच्या मेजावर होणारा धोका आज पुष्कळ कमी झाला आहे. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत, २००९ च्या अहवालाप्रमाणे, तीस दिवसांतील मृत्यू ०.३ टक्के व कोणताही मोठा उपद्रव ४.३ टक्के होता. परंतु सरासरीत व्यक्ती-व्यक्तींतील अंतर बुजून जाते. मिशिगन राज्यातील वीस शल्यविशारदांनी आपल्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती समव्यावसायिकांपुढे, नावे झाकून, परीक्षणार्थ ठेवल्या, तेव्हा हस्तकौशल्यात सर्वांत खाली गणल्या गेलेल्यांच्या रुग्णांत उपद्रवांचे प्रमाण १४.५ टक्के आणि सर्वांत वरच्यांच्या रुग्णांत ५.२ टक्के आढळले. आपले काम अशा रीतीने पारखून घेण्यास तयार झालेल्या त्या वीस जणांचे धैर्य अनुकरणीय आहे. पहिल्या दिवसांतील दोन शत्रू म्हणजे टाक्यांतून होणारी गळती व पायांतून फुप्फुसात जाणारी रक्ताची गुठळी. पहिलीची सूचना पुष्कळदा पोटदुखीपूर्वी नाडीच्या वाढलेल्या वेगाने मिळते, आणि दुसरीला आळा बसावा म्हणून रुग्णाला त्याच दिवशी उठवून चालविले जाते.

घरी गेल्यानंतरची शुश्रूषा हा या विषयाचा गाभा होय. आहार प्रथम पातळ, मग वाटलेला, मग मऊ व अखेर घट्ट अशा क्रमाने काही आठवड्यांत वाढवितात. घास लहान व सावकाश, पाणी जेवणाबरोबर न घेता मागेपुढे, आणि दिवसाकाठी निदान साठ ग्रॅम प्रथिने, हा सर्वसाधारण दंडक. लोह, कॅल्शियम, ‘ड’ व ‘ब-१२’ जीवनसत्त्वे यांच्या गोळ्या वा इंजेक्शने आजन्म चालू ठेवावी लागतात, कारण बायपासनंतर ग्रहणीतून अन्न जातच नाही व जठराचा बहुतांश रस ‘ब-१२’ च्या शोषणास मदत करीत नाही. मधुमेहाची औषधे पहिल्या काही दिवसांतच कमी करावी लागतात. काही वेदनाशामक गोळ्या व धूम्रपान यांनी जोडाच्या जागी व्रण होतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरल्यास धडधड, घाम व ग्लानी येते. वजन घटताच अनेक स्त्रियांची थांबलेली पाळी सुरू होते व गर्भधारणा अनपेक्षितपणे सुलभ होते, म्हणून पहिले बारा ते अठरा महिने ती टाळावी, आणि बायपासनंतर त्यासाठी केवळ पोटात घ्यावयाच्या गोळ्यांवर विसंबू नये, असा सल्ला देतात.

दोन उपद्रवांकडे येथे अधिक लक्ष वेधले पाहिजे, कारण ते टाळण्याजोगे असून शल्यविशारदाच्या नजरेपासून दूर, गावच्या दवाखान्यात प्रकट होतात. पहिला थायमिनच्या अभावाचा. काही आठवडे उलट्या होत राहिल्या की शरीरातील या जीवनसत्त्वाचा तुटपुंजा साठा संपतो, आणि दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, भ्रम अशी लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची सलाइन लावल्यास मेंदूची हानी वाढते, ती कधी कायमची ठरते. दुसरा उपद्रव आतड्याच्या अंतर्गत अडकण्याचा. वजन उतरून पोटातील चरबी झडली की, बायपासच्या वेळी आंत्रबंधात राहिलेल्या फटी रुंदावतात व आतडे त्यांत शिरते. कळ येते आणि जाते, तपासणीची छायाचित्रेही कधी निर्दोष दिसतात, आणि रुग्णाला अपचनाचे औषध देऊन परत धाडले जाते. स्वीडनमधील बारा केंद्रांनी २,५०७ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात, या फटी शिवून घेतल्यास आतडे अडकल्यामुळे तीन वर्षांत कराव्या लागणाऱ्या फेरशस्त्रक्रियेचे प्रमाण १०.२ वरून ५.५ टक्क्यांवर येते असे सिद्ध झाले.

मनाच्या शुश्रूषेची तजवीज मात्र अद्याप सर्वत्र अपुरी आहे. युटा राज्यातील ७,९२५ बायपास रुग्णांची तितक्याच स्थूल व्यक्तींशी तुलना केली असता एकंदर मृत्यू ४० टक्क्यांनी घटलेले दिसले, परंतु अपघात, आत्महत्या आदी रोगेतर कारणांनी घडलेले मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व अधिक चढते, आणि मद्यासक्तीचे प्रमाण दुसऱ्या वर्षी वाढलेले आढळते. अन्नाशी असलेले जुने नाते तुटते, अंगावर कातडीच्या लोंबत्या घड्या राहतात, घरातली माणसे निराळ्या नजरेने पाहू लागतात. हे सारे ज्याला एकट्याने सोसावे लागते त्याच्यासाठी समुपदेशन हा अविभाज्य इलाज आहे.

भारतात प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक २२.३ असा एकच, पण शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिकांचे २१.२ व युडकिन यांचे ९.१ टक्के. कृश दिसणाऱ्या भारतीय देहातही मेद व मधुमेह लवकर येतो, ही गोष्ट त्यातून सर्वांच्या ध्यानी आली. पाश्चात्त्य मापाने १९९१ पासून चालत आलेली ४० ची, किंवा सोबत विकार असल्यास ३५ ची, मर्यादा २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी शिथिल केली, आणि आशियाई लोकांस २७.५ पासून या उपचाराचा विचार करण्यास मुभा दिली. मात्र आपल्याकडील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत ४० व ३५ याच संख्या राहिल्या, त्यामुळे मधल्या रुग्णांना सारा खर्च पदरचा करावा लागतो. शाकाहारी रुग्णांत ‘ब-१२’ ची उणीव शस्त्रक्रियेपूर्वीच असण्याचा संभव मोठा, म्हणून तिची तपासणी व भरपाई आधी व्हावी.

शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत आणि पुढचे आयुष्य तालुक्याच्या गावी, अशी येथील अनेक रुग्णांची स्थिती असते, आणि ज्या डॉक्टरांनी आतड्याची नवी रचना कधी पाहिली नाही त्यांच्याकडेच ते प्रथम जातात. अशा रुग्णाच्या हाती घरी जाताना एक कागद असावा, आणि त्यावर शस्त्रक्रियेचे नाव व तारीख, आतड्याच्या जोडणीचे साधे चित्र, आजन्म घ्यावयाच्या औषधांची नावे, येणारी-जाणारी पोटाची कळ तातडीची समजून मूळ रुग्णालयास कळवावी ही सूचना, आणि उलट्या होत असल्यास ग्लुकोजच्या सलाइनपूर्वी थायमिन द्यावे ही सूचना, एवढा मजकूर रुग्णाला स्वतः वाचता येईल अशा ठळक मराठीत छापलेला असावा.