तबकडीचे कुलूप आणि किल्ली

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातले जुने कपाट उघडले, तर गेल्या तीस-चाळीस वर्षांतील तंत्रज्ञानाचे एक छोटे संग्रहालयच दृष्टीस पडते. तळाशी लग्नाची व्हीएचएस फीत, तिच्यावर मुंजीची व्हीसीडी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी, गडकरी रंगायतनात पाहिलेले आणि मग दुकानातून विकत आणलेले एखादे नाटक, आणि क्वचित अमेरिकेतल्या भाच्याने आणलेली ब्लू-रे तबकडी. यांपैकी किती गोष्टी आज लावून पाहता येतील? आणि आणखी वीस वर्षांनी?

हा प्रश्न केवळ घरगुती नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्याची चार रिळे होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) आज पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आहेत, आणि तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे अतिशय ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच अशा जुन्या रिळांच्या कोठाराला आग लागली आणि मोठा ठेवा नष्ट झाला. ज्या चित्रपटांच्या वेळीच नकला काढल्या गेल्या ते वाचले. नक्कल हा जतनाचा सर्वांत जुना मार्ग आहे. आपल्या पोथ्यादेखील नकला करणाऱ्यांमुळेच टिकल्या.

मग तबकडीची नक्कल करणे इतके वादाचे का झाले? त्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

नकलेची नक्कल

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अक्षरे पुसट होत जातात, हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. व्हीएचएस फितीचेही तसेच होते. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे केले की चित्र फिकट आणि आवाज घोगरा होई. तबकडीवर मात्र चित्र अंकांच्या रूपात असते. शून्य आणि एक यांची यादी दुसरीकडे उतरवली आणि एकही अंक चुकला नाही, तर नक्कल आणि मूळ यांत काहीच फरक राहत नाही. शंभरावी नक्कलही पहिलीइतकीच चांगली असते. जतन करणाऱ्यांच्या दृष्टीने हे वरदान होते. पण याच गुणामुळे चित्रपट-निर्मात्यांची झोप उडाली. जो गुण चित्रपट वाचवू शकतो, त्याच गुणामुळे चोरीचा बाजारही फुलतो. पुढचा सगळा इतिहास या एका पेचातून घडलेला आहे.

किरण जितका बारीक, तितके चित्र मोठे

तबकडीवरील सूक्ष्म खळगे लेसर किरणाने वाचले जातात. किरणाचा ठिपका जितका लहान, तितके खळगे लहान करता येतात आणि तितकी जास्त माहिती मावते. ठिपक्याचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची किरण एकवटण्याची क्षमता. तरंगलांबीला या क्षमतेच्या अंकाने भागले की ठिपक्याच्या आकाराचे माप मिळते.

डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल किरण आणि ०.६० क्षमतेचे भिंग वापरतात. भागाकार सुमारे १०८३. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा किरण आणि ०.८५ क्षमतेचे भिंग. भागाकार सुमारे ४७६. म्हणजे ठिपक्याचा व्यास सुमारे २.२७ पटींनी घटला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून माहिती सुमारे ५.१७ पट मावली पाहिजे. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, त्याला ५.१७ ने गुणले की २४.३ येतात. ब्लू-रेच्या एका थराची प्रत्यक्ष क्षमता आहे २५ गिगाबाइट! नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवावे असे हे गणित आहे. निळा किरण देणारे अर्धवाहक मात्र सहजासहजी हाती आले नाहीत. जपानमधील शुजी नाकामुरा यांनी १९९०च्या दशकात त्यात यश मिळवले. निळ्या प्रकाश-डायोडच्या शोधासाठी २०१४ साली त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढी जागा लागते कशासाठी? व्हीसीडीच्या चित्रात ३५२ × २८८, म्हणजे सुमारे एक लाख बिंदू असतात. डीव्हीडीत ७२० × ५७६, म्हणजे सुमारे चार लाख. उच्च-स्पष्टता चित्रात १९२० × १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. दर बिंदूला ३ बाइट आणि सेकंदाला २४ चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे १५ कोटी बाइट लागतील आणि २५ गिगाबाइटची तबकडी पावणेतीन मिनिटांत संपेल. म्हणून चित्र आक्रसून साठवावे लागते. तबकडी 'लावणे' म्हणजे ही आक्रसलेली माहिती क्षणाक्षणाला उलगडणे होय. हे काम यंत्र किंवा संगणकावरील आज्ञावली करते. तबकडी आणि ती उलगडणारी आज्ञावली अशी ही जोडी आहे. एक नसेल तर दुसरीचा उपयोग नाही.

पहिले कुलूप

१९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या प्रमाणकात कुलूप नव्हतेच. ती स्वस्त होती, साध्या यंत्रावर चाले, आणि म्हणून भारतात घरोघर पोहोचली. एका तबकडीत ७४ मिनिटे मावत, त्यामुळे हिंदी चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागलेला असे. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा रेल्वे स्थानकाबाहेरच्या चोरट्या नकलांच्या भावातच अस्सल माल मिळू लागला.

डीव्हीडीला मात्र कुलूप होते. तिच्यावरची माहिती कूटलिपीत असे आणि ती उलगडण्याची किल्ली फक्त परवानाधारक यंत्रांकडे आणि आज्ञावल्यांकडे असे. किल्लीची लांबी ४० बिट होती, म्हणजे शक्य किल्ल्या २ चा ४० वा घात, सुमारे १ लाख १० हजार कोटी. ही संख्या मोठी वाटते, पण रचना सदोष होती. फ्रँक स्टीव्हन्सन यांनी १९९९ साली दाखवले, की सुमारे ३ कोटी ३५ लाख प्रयत्नांत, म्हणजे २ च्या २५ व्या घाताइतक्या प्रयत्नांत, तबकडीची किल्ली सापडते. साध्या घरगुती संगणकाला हे काम जड नव्हते.

त्याच वर्षी नॉर्वेतील योन लेक योहान्सेन या १५ वर्षांच्या मुलाने दोन सहकाऱ्यांसह हे कुलूप उघडणारी 'डीसीएसएस' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी तेव्हा परवानाधारक प्लेअर उपलब्ध नव्हता. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी तिथे पाहता येत नव्हती. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. स्वतःच्या मालकीची तबकडी पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे हा गुन्हा नाही, असे तिथल्या न्यायालयाला वाटले. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून 'व्हीएलसी' हा प्लेअर घडला. २००१ पासून तो सर्वांना खुला आहे. डीव्हीडी उलगडण्याची सोय त्यात आहे.

दुसरे कुलूप

२००६ साली उच्च-स्पष्टतेच्या दोन तबकड्या एकमेकींच्या स्पर्धेत उतरल्या: एचडी-डीव्हीडी आणि ब्लू-रे. दोन्हींना नवे कुलूप होते, १२८ बिटांचे. या वेळी गणित भक्कम होते आणि त्यात एक नवी युक्ती होती. इमारतीतल्या एका बिऱ्हाडाची किल्ली हरवली, तर सोसायटी मुख्य दाराचे कुलूप बदलते आणि बाकी सगळ्यांना नवी किल्ली देते. तसेच येथे एखाद्या प्लेअरची किल्ली फुटली, तर पुढच्या तबकड्या त्या किल्लीला दाद देत नाहीत.

तरी कुलूप उघडलेच, कारण गणित कितीही भक्कम असले तरी चित्र दाखवताना किल्ली संगणकाच्या स्मृतीत यावीच लागते. डिसेंबर २००६ मध्ये 'मस्लिक्स-६४' हे टोपणनाव घेतलेल्या एकाने एचडी-डीव्हीडीची राखीव प्रत काढणारी आज्ञावली जाहीर केली. त्याची तक्रार अशी, की त्याने रीतसर विकत घेतलेला चित्रपट त्याच्याच संगणकाचा पडदा 'मान्यताप्राप्त' नसल्यामुळे दिसत नव्हता. लवकरच इतरांनी प्लेअरच्या स्मृतीतून किल्ल्या शोधून काढल्या. एप्रिल २००७ मध्ये 'विनडीव्हीडी' या प्लेअरची जुनी किल्ली रद्द झाली. ज्या प्रामाणिक ग्राहकांनी तो विकत घेतला होता, त्यांना नवी आवृत्ती उतरवून घेतल्याशिवाय नव्या तबकड्या पाहता येईनात. कुलूप बदलले की शिक्षा चोराबरोबर बिऱ्हाडकरूलाही होते, ती अशी.

प्लेअरच नाहीसा होतो तेव्हा

फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी-डीव्हीडी बंद केली. विकल्या गेलेल्या तबकड्या लोकांकडे राहिल्या, पण नवी यंत्रे येणे थांबले. २०१२ च्या विंडोज-८ मध्ये डीव्हीडी लावण्याची अंगभूत सोय काढून टाकली गेली. ब्लू-रेची पुढची, चौपट बिंदूंची आवृत्ती संगणकावर अधिकृतपणे पाहायला इंटेलच्या प्रक्रियकातील एक विशिष्ट सुरक्षा-कप्पा लागे. इंटेलने पुढील पिढ्यांच्या घरगुती प्रक्रियकांतून तो काढून टाकला. परिणाम असा, की नवा, अधिक वेगवान संगणक घेतला तर त्यावर ती तबकडी अधिकृत मार्गाने लागत नाही. सोनीने कोऱ्या, लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ साली थांबवले. स्वस्त तबकड्या देणारी मोझर बेअरही २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

त्यात भर प्रदेश-विभागणीची. डीव्हीडीसाठी भारताचा विभाग ५ आणि अमेरिकेचा १. ब्लू-रेसाठी भारताचा 'सी' आणि अमेरिकेचा 'ए'. भाच्याने आणलेली विभागबद्ध तबकडी डोंबिवलीत लागत नाही, यात तबकडीचाही दोष नाही आणि यंत्राचाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-आज्ञावलीची राखीव प्रत काढण्याची मुभा स्पष्ट शब्दांत आहे. चित्रपटासाठी तसा वेगळा शब्द नाही. खाजगी वापरासाठी 'उचित व्यवहार' आणि शिक्षक-विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात नक्कल, अशा तरतुदी आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला, पण तो हक्कभंग करण्याच्या उद्देशाने तोडले असेल तर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात मात्र मूळ नियमच कडक आहे आणि दर तीन वर्षांनी थोड्या सवलती जाहीर होतात.

याच दुरुस्तीत सार्वजनिक ग्रंथालयांसाठीही एक चांगली तरतूद आली: ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अंकरूप नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ती अंकरूपात साठवता येते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांना जीर्ण पुस्तकांसाठी ही मुभा मोलाची आहे. पण तबकडी तर मुळातच अंकरूप! म्हणजे पुस्तकापेक्षा अल्पायुषी असलेली वस्तूच या शब्दांच्या बाहेर राहते. नाटकांच्या, व्याख्यानांच्या, मुलाखतींच्या तबकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न ग्रंथालयांनी आणि शिक्षकांनी मिळून विचारायला हवा.

आपल्या हातात काय आहे?

सुदैवाने सर्वांत मोलाच्या तबकड्यांना बहुधा कुलूपच नसते. स्नेहसंमेलन, विज्ञान-प्रदर्शन, निवृत्त शिक्षकांचा निरोप, घरचे लग्न: ही चित्रणे साध्या लिहिता येणाऱ्या तबकड्यांवर असतात. त्यांचा शत्रू कुलूप नसून काळ आहे. अशा तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो थर खराब होतो. आपल्याकडचा पावसाळा सर्वांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी कल्याण-डोंबिवली-बदलापुरात कसे शिरले, हेही अनेकांना आठवत असेल. शिवाय तबकडीत चूक-दुरुस्तीची सोय असल्याने लहान बिघाड दिसत नाहीत. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसते आणि एके दिवशी एकाएकी अडकते. फीत आधी कुरकुर करून सूचना देते, तशी ही देत नाही.

म्हणून शाळेत एक उपक्रम करता येईल. नववीच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या कपाटातील तबकड्यांची यादी करावी: विषय, वर्ष, प्रकार, लागते की नाही. वाचता येणाऱ्या तबकड्यांतील माहिती संगणकावर उतरवावी. अडखळणाऱ्या तबकडीसाठी 'डीडीरेस्क्यू' ही मोफत आज्ञावली वापरावी. ती वाचता येणारा भाग आधी घेते आणि खराब जागा पुन्हापुन्हा वाचून पाहते. चित्र नव्या स्वरूपात आणायला 'हँडब्रेक' उपयोगी पडते. ती कोणतेही कुलूप उघडत नाही. प्रत्येक चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या उपकरणांवर असाव्यात, आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर, तळमजल्यावर नसलेल्या जागी ठेवावी. दर वर्षी जूनमध्ये, शाळा उघडताना, त्या लावून पाहाव्यात. यादीच्या वहीत तारीख आणि तपासणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना काम कुठून सुरू करायचे ते कळेल.