मोहाखालची आग

कुहीच्या पूर्वेस वैनगंगा आणि दक्षिणेकडे उमरेड-कऱ्हांडल्याचे रान. या दोहोंच्या मधल्या गावांना वणवा नवा नाही. माघ सरला की साग, तेंदू, मोई, धावडा पाने टाकू लागतात. फाल्गुनात जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो आणि चैत्रात एखादी विडी त्याला पुरते. ‘जंगलात आग लावू नका’ हा फलक रानाच्या तोंडाशी उभा असतो. त्या फलकामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. इतकी वर्षे सांगूनही सांगणे संपत का नाही, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. आपल्याकडचा वणवा आपोआप पेटत नाही. वीज पडते ती पावसाच्या तोंडाशी, आणि बांबू बांबूवर घासून आग लागते ही कथा ऐकण्यास गोड असली तरी तिच्यावर फारसा भार टाकता येत नाही. आग माणूस लावतो, आणि पुष्कळदा ती समजून उमजून लावतो. मोहाचे फूल पहाटे गळते. झाडाखाली पाचोळा असेल तर फूल दिसत नाही, वेचणे जड जाते. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा स्वच्छ करतात. तेंदूची झुडपे जळली की नवी लुसलुशीत पालवी फुटते, आणि विडीला हवे ते पान तेच. जुने गवत जळाले की गुरांना कोवळे मिळते. आता वाघाचा वावर असलेल्या रानात आणखी एक कारण आहे. फुले वेचणारी बाई तासन् तास ओणवी असते. तिला भोवतालची जमीन मोकळी हवी, कारण झुडपाआड काय बसले आहे हे तिला दिसले पाहिजे. अशा बाईस आगीचे दुष्परिणाम सांगणाऱ्याने आधी तिच्या जागी एक पहाट काढून पाहावी.

मध्यप्रांत 1861 साली निर्माण झाला आणि लवकरच त्याच्या रानांवर वनखात्याची नजर फिरली. सातपुड्यातील बोरीच्या रानात पिअर्सन या अधिकाऱ्याने त्याच दशकात वणवा रोखण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला. हिंदुस्थानातील रान आगीपासून राखता येईल, यावर तोवर खुद्द अधिकाऱ्यांचाच विश्वास नव्हता. पिअर्सनच्या यशाने तो बसला, आणि हळूहळू हे वनखात्याचे धर्मकृत्यच होऊन गेले. रानाचे तुकडे पाडावयाचे, त्यांच्यामधून पट्टे साफ करून उन्हाळ्याआधी जाळून ठेवावयाचे, त्यांवर पहारेकरी नेमावयाचे. आज ज्यास आपण जाळरेषा म्हणतो ती हीच.

पट्ट्यांच्या पाठोपाठ कायदा आला. 1878 चा आणि त्यानंतर 1927 चा वन अधिनियम. या दुसऱ्या अधिनियमाची दोन कलमे आम्हांला फार बोलकी वाटतात. कलम 79 म्हणते की, ज्यांना रानात काही हक्क आहेत त्यांनी आगीची वर्दी दिली पाहिजे आणि ती विझविण्यास धावले पाहिजे. कलम 26 म्हणते की, राखीव रानात कोणी जाणूनबुजून वा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर अपराध्यास शिक्षा होऊनही सरकारला त्या रानातील चराईचे व वनोपजाचे सगळे हक्क तहकूब करता येतात. म्हणजे काडी एकाने ओढावयाची आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी राहावयाची! अशा ठिकाणी वर्दी देण्यास कोण पुढे येईल? ज्या गावाने बोलावे म्हणून एक कलम लिहिले, त्याच गावाने गप्प बसावे याची तजवीज दुसऱ्याने केली.

कुहीची गोष्ट यातही थोडी निराळी होती. हा मुलूख पूर्वी उमरेड तहसिलीत मोडे, आणि येथील पुष्कळ रान सरकारचे नसून मालगुजारांचे होते. मालगुजारी रानात गावाचा निस्तार चाले. सरपण, काटेकुटे, गवत तेथूनच येई. त्या रानास ना जाळरेषा, ना पहारेकरी. 1951 साली मालगुजारी गेली आणि ही राने सरकारजमा झाली. गावकऱ्याच्या दृष्टीने धनी बदलला. आगीच्या दृष्टीने मात्र एका रात्रीत मोठा फरक पडला: काल जे मोहाखालचे झाडणे होते तो आज अपराध झाला. ही बाब गावोगाव बसून कोणी समजावून सांगावयास हवी होती. जे पोहोचले ते बहुधा दंडाच्या रूपाने पोहोचले.

जाता जाता एक आठवण. 1908 साली नागपूर-नागभीड हा लहान रुळांचा मार्ग कुहीवरून धावू लागला. 2019 साली रुंदीकरणासाठी तो बंद झाला. कोळशाच्या इंजिनातून ठिणग्या उडत, म्हणून रानातून जाणाऱ्या लोहमार्गांच्या दोन्ही अंगांचे गवत काढून टाकण्याची रीत होती. इंजिनास उपदेश करता येत नाही, म्हणून त्याच्या वाटेतले गवत काढीत. माणसास उपदेश करता येतो, म्हणून त्याच्या पायाखालचा पाचोळा तसाच ठेवीत.

आग सर्वत्र आणि सदैव वाईटच, या मताला खात्यातूनच धक्का बसला. 1896 साली ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात स्लेड या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातील अतिरेकी अग्निसंरक्षणावर टीका केली. आग बंद झाल्याने सागाच्या रोपांना इतर झाडोऱ्याने दडपून टाकले, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेने हाच धडा उशिरा घेतला. तेथे 1944 सालापासून एक टोपीवाले अस्वल मुलाबाळांना वणव्याविषयी बजावीत आले. शिकवण इतकी मुरली की रानात जळण साचत गेले, आणि पुढे तेथील वनखात्यांना स्वतः आखून आग लावण्याकडे वळावे लागले. 2001 साली त्या अस्वलाच्या बोधवाक्यातला ‘वणवा’ या अर्थाचा शब्दही बदलला, कारण सगळीच आग टाळावयाची नाही हे आता सांगावयाचे होते.

यावरून कुहीच्या रानात काडी टाकण्यास कोणी परवानगी मागू नये! पौषातली आग आणि वैशाखातली आग यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. थंडीत दव असते, गवत अर्धे ओले असते, आग गुडघ्याएवढी चालते आणि पट्ट्याशी थांबते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या वाऱ्यावर तीच आग मोहाखालून सुटते ती डोंगर चढून जाते. सागाचे मोठे झाड तगते. पण रोपे मुळापर्यंत करपतात, जमिनीवरची घरटी, ससे, सरपटणारे जीव होरपळतात, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते.

अलीकडे शिकवण्याची तऱ्हा बदलू लागली आहे. 1992 साली महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव केला आणि गावांच्या समित्या झाल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क देताना ग्रामसभेला रान राखण्याचा अधिकारही दिला. त्याचा अर्थ चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने नेमका ओळखला. 2012 साली हक्क मिळाल्यावर त्या गावाने बांबूचा व्यवहार हाती घेतला, आणि तेंदूपत्त्याचे हुकमी उत्पन्न सोडून दिले, कारण त्यापायी झाडांची तोड आणि आग होते. आता तेंदूची फळे माणसे आणि पाखरे खातात. गरीब गावाने पैसा नाकारून घेतलेला हा निर्णय कोणत्याही फलकाने घडविला नसता.

कुहीचे रान आज काही अंशी अभयारण्य आहे. उपग्रह आगीचा ठिपका पाहतो, त्याची सूचना वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येते आणि पाठीवर पाचोळा उडविणारे यंत्र घेऊन मजूर धावतात. हे सारे आग लागल्यानंतरचे. लागण्यापूर्वीचा एक साधा उपाय मोह वेचणाऱ्यांच्या काही गावांत रुळू लागला आहे: झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे बांधावयाचे. फूल पाचोळ्यावर पडतच नाही, त्यास माती लागत नाही, बाजारात भाव बरा येतो, आणि बाईला ओणवेही फारसे राहावे लागत नाही. जाळीला पैसे पडतात, आणि एका घराची पाच झाडे असली तर पाच जाळ्या लागतात. कुही-वेलतूरकडच्या गावांत फेब्रुवारीत जनजागृतीची सभा भरते, तेव्हा या जाळ्यांचा हिशेब तेथे मांडला जातो की नाही, हे आम्ही पाहणार आहोत.