चार तारांची गिटार

शिलाँगला पोस्टिंग असताना जुन्या सामानात एक लहानशी गिटार मिळाली. तिला चारच खुंट्या. नेहमीच्या गिटारची तार लावून मी 'ए' सुरापर्यंत पिळत गेलो. तार तुटून गालाला लागली, शिवाय घोडी एका कडेने उचकटली. चूक माझीच.

बँडमधले सुभेदार हसले. "साहेब, ही टेनर गिटार. हिची जुळणी व्हायोलाची."

मग वाचलं. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये चार तारांचा टेनर बँजो वाजायचा. १९२५मध्ये मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं, गिटारचा मऊ आवाजही पकडता येऊ लागला आणि बँजोवाल्यांची रोजी धोक्यात आली. ऐन उमेदीत ट्रेड बदलावा लागलेल्या जवानाला हे वेगळं सांगायला नको! टेनर गिटारमुळे त्यांची बोटं वाचली: पोट गिटारचं, जुळणी बँजोची. सी, जी, डी, ए. प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. तंबोरा लावणाऱ्याला हे कानानेच जमेल.

पण वरचा 'ए' म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. सहा तारांच्या गिटारची सर्वांत बारीक तार ३३०च्या आसपास थांबते. म्हणून इथे साधारण ०.०१० इंचाची बारीक तार लागते. माझी जाड होती.

घोडी चिकटवून घेतली. सुभेदारांनी आधी चारही तारा दोन सूर खाली लावल्या, रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी हळूहळू चढवल्या. 'ए' सगळ्यांत शेवटी. मी मात्र तोंड फिरवून उभा होतो.

पावसाळ्यात अजूनही ती दोन सूर उतरवूनच ठेवतो.