ओल्या फडक्यापासून स्कॅनरपर्यंत

नाशिकहून सिन्नरकडे येताना मोहदरी घाट लागतो. वैशाखाच्या दुपारी इथे गाडी अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने, जणू काही घडलंच नाही अशी, सुरू होते. आजचा मिस्त्री पहिला संशय क्रँक सेन्सरवर घेतो.

पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळात हाच प्रसंग वेगळा होता. पेट्रोल नळीतच उकळून वाफ झाली असेल, तर पंपावर ओलं फडकं टाकायचं. नाहीतर प्लगची वायर इंजिनाजवळ धरून सेल्फ मारायचा आणि करंट उडतो का ते पाहायचं. करंट नसला, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून काळवंडलेले पॉइंट घासायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगची ही पॉइंटची रचना १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली होती.

१९७९ मध्ये बॉश कंपनीने मोट्रॉनिक ही यंत्रणा आणली. ठिणगी आणि इंधन, दोन्हींचा हिशेब एकाच संगणकाकडे गेला. भारतात धुराचे नियम कडक होत गेले, तसा गाडीत असा संगणक लागूच लागला: १ एप्रिल २०१७ ला भारत स्टेज ४ देशभर लागू झालं, १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६. डिझेललाही सुटका नव्हती: कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर कधी उघडायचा, हे क्रँकच्या स्थितीवरूनच ठरतं.

अनेक गाड्यांत क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावर साठ दातांची जागा असते, पण दात अठ्ठावन्नच. दोन दातांची मोकळी जागा ही संगणकाची खूण. तिथून तो सहा-सहा अंशांनी मोजत जातो. हे दात टिपणाऱ्या शेजारच्या क्रँक सेन्सरकडून संदेश आला नाही, तर ठिणगीही नाही आणि इंधनही नाही.

सेल्फ फिरतोय, पण आरपीएमचा काटा शून्यावरच, हे पहिलं लक्षण. स्कॅनर पी०३३५ दाखवतो. या कोडचा अर्थ सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, एवढाच. म्हणून जाणता मिस्त्री लगेच नवा सेन्सर मागवत नाही. आधी कपलर काढून पाहतो, उंदराने कुरतडलेली किंवा तेलाने भिजलेली वायर शोधतो, चुंबकाला चिकटलेला लोखंडी चुरा पुसतो.

मग मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजायचा. हॉल जातीच्या सेन्सरला ही मोजणी चालत नाही. त्याला वीज पोचते का आणि संदेश येतो का, ते बघावं लागतं. पण कॉइलवाल्या सेन्सरचा रोध थंड इंजिनावर बरोबर येतो आणि सगळे फसतात. कारण आतली केसाएवढी चीर उष्णतेने फाकते, निवल्यावर पुन्हा जुळते. त्यामुळे घाटाचा तो चढ गॅरेजमध्येच घडवावा लागतो: इंजिन तापवायचं, बंद पडू द्यायचं आणि ते निवायच्या आत मीटर लावायचा.