बंब आला, पण नळी जोडता येईना!

गावातला बंब सज्ज आहे की नाही, हे कसे ओळखायचे? त्याचा लाल रंग चकचकीत आहे, घंटा वाजते, इंजीन सुरू होते, एवढे पाहून बहुतेकांचे समाधान होते. पण आग विझवायला लागते ते पाणी. आणि विहिरीतून किंवा नळातून निघालेले पाणी आगीपर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत पंप, नळ्या, जोड, वॉशर आणि माणसे अशी लांबलचक साखळी असते. यातला एक दुवा निसटला तरी बाकी सारे व्यर्थ जाते. हा धडा अमेरिकेला कसा मिळाला, त्याची हकिकत उद्‌बोधक आहे.

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. बाल्टिमोर शहरातल्या कापडाच्या एका मोठ्या गोदामाला सकाळी आग लागली आणि वाऱ्याने ती झपाट्याने पसरली. वॉशिंग्टनला तार गेली. तिथले बंब रेल्वेने काही तासांतच येऊन पोहोचले. पुढे फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि आसपासच्या लहान गावांतूनही मदत आली. माणसे होती, वाफेवर चालणारे पंप होते, रस्त्यावर पाण्याचे हायड्रंटही होते. पण बाहेरून आलेल्या अनेक दलांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात! कोणाचा व्यास निराळा, तर कोणाचे आटे निराळे. आग सुमारे तीस तास धुमसत राहिली आणि दीड हजाराहून अधिक इमारती भस्मसात झाल्या.

आटे वेगळे असणे म्हणजे नेमके काय? पाण्याच्या बाटलीचे झाकण दुसऱ्या कंपनीच्या बाटलीवर लावून पाहा. तोंडाचा आकार सारखा दिसला तरी झाकण अर्ध्या फेऱ्यात अडकते, कारण एका इंचात किती आटे पाडले आहेत आणि ते किती खोल आहेत, हे जुळावे लागते. तेव्हा प्रत्येक नगरपालिका आपल्या सोयीच्या कारखान्याकडून माल घेई, आणि प्रत्येक कारखान्याचे माप आपले आपले असे. गावातली आग गावातच विझत असे तोवर हे कोणाला खटकले नाही. शेजाऱ्याची मदत लागली तेव्हा ते उघडे पडले.

वजनेमापांचे काम पाहणारी अमेरिकेची राष्ट्रीय संस्था १९०१ मध्ये स्थापन झाली होती. तिने देशभरातले जोड गोळा केले, तेव्हा सहाशेहून अधिक प्रकार हाती लागले. पुढे १९०५ मध्ये अग्निसंरक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेने अडीच इंची नळीसाठी इंचाला साडेसात आटे हे प्रमाण स्वीकारले. प्रमाण ठरले, पण ते पाळण्याची सक्ती कोणावरच नव्हती. मग गावे ते का स्वीकारतील?

इथे विमा कंपन्या पुढे आल्या. त्यांचा हेतू परोपकाराचा नव्हता. बाल्टिमोरच्या आगीत त्यांचे कोट्यवधी डॉलर गेले होते. त्यांच्या मंडळाने अभियंत्यांची पथके शहरोशहरी पाठवली. ही पथके पंप चालवून मिनिटाला किती गॅलन पाणी येते ते मोजत, हायड्रंट उघडून दाब तपासत, नळ्या आणि माणसे मोजत. ऑक्टोबर १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अहवालात त्यांनी लिहिले की या लाकडी शहरात प्रचंड आग लागल्यावाचून राहणार नाही. १८ एप्रिल १९०६ ला भूकंप झाला, जलवाहिन्या फुटल्या आणि शहर जळाले. तपासणी अचूक होती, पण अहवाल आणि दुरुस्ती यांच्यामध्ये जे अंतर असते ते भरून निघाले नव्हते.

१९१६ मध्ये या मंडळाने तपासणीला गुणपत्रिकेचे रूप दिले. शाळेतल्यासारखे गुण मिळवायचे नव्हते. इथे उणिवांचे गुण मोजले जात. एकूण गुण ५०००. त्यातले १७०० पाणीपुरवठ्याचे, १५०० अग्निशामक दलाचे, आणि उरलेले सूचनायंत्रणा, इमारतींची रचना, बांधकामाचे नियम वगैरेंचे. दर ५०० उणिवांना एक वर्ग, असे दहा वर्ग. पहिला सर्वांत चांगला. दहावा म्हणजे जवळजवळ संरक्षण नाहीच. वर्ग घसरला की विम्याचा हप्ता वाढे. त्यामुळे लहान गावातल्या दुकानदारालाही आपल्या बंबाच्या पंपात रस वाटू लागला! तिथल्या लहान गावांची दले बहुतांशी स्वयंसेवकांची असत आणि आजही आहेत. शेतकरी, सुतार, दुकानदार घंटा ऐकून धावत येतात. अशा दलाला वर्षातून एकदा नळी दाबाखाली तपासा, पंप चालवून पाहा, नोंद ठेवा, अशी शिस्त लागली, हे या पद्धतीचे मोठे फळ.

ही पद्धत निर्दोष मात्र नव्हती. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली आणि २५ माणसे दगावली. तेव्हाही मदतीला आलेल्या दलांना तोच अनुभव आला: ओकलंडच्या हायड्रंटचे तोंड तीन इंची, पाहुण्यांच्या नळ्या अडीच इंची. बाल्टिमोरला तेव्हा ८७ वर्षे झाली होती.

आपल्याकडे काय आहे? ब्रिटनमध्येही गावोगावची शेकडो दले होती आणि त्यांचे जोडही निरनिराळे. महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांच्या काळात, १९४१ मध्ये, ती सारी एका राष्ट्रीय दलात आणली गेली आणि अडीच इंची, आटे नसलेला, खटक्याचा जोड रूढ झाला. एक तोंड दुसऱ्यात दाबले की स्प्रिंगचे खटके बसतात; फिरवण्याचे काम नाही. तोच ६३ मिलिमीटरचा जोड भारतीय मानकात आला. आपल्या नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यात आग विझवणे हे आवश्यक कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तेव्हा बहुतेक शाळांत परीक्षांची गडबड असते, म्हणून भेटीसाठी दुसरा दिवस निवडावा.

नगरपालिकेची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना बंब पाहायला अवश्य न्या. तिथे नुसती माहिती ऐकू नका, मोजमाप करा. पंपाची सर्व तोंडे बंद करून आतली हवा काढायला सांगा आणि पाच मिनिटे निर्वातमापीचा काटा पाहा. काटा भराभर खाली आला तर कुठला तरी वॉशर गळतो आहे, आणि असा पंप विहिरीतून पाणी उचलताना दगा देणार. नंतर वर्गात विचारा: समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाण्याला १०.३ मीटरपर्यंतच चढवू शकतो. मग महाबळेश्वरला किती? हवेचा दाब तिथे विरळ असल्याने उत्तर सुमारे ८.८ मीटर येते, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी उंची मिळते. मग आपल्या गावातल्या विहिरींची पातळी मे महिन्यात किती खोल जाते, ते मुलांना मोजू द्या. बंब जिथे उभा करता येईल तिथून पाण्यापर्यंतचे उभे अंतर सात मीटरच्या वर गेले, तर ती विहीर आगीच्या वेळी बंबाच्या पंपाला निरुपयोगी आहे. मुलांनी केलेली अशा विहिरींची यादी नगरपालिकेला द्यावी. तिचा उपयोग नक्की होईल.