उघड्या दाराची प्रार्थना

मागच्या महिन्यात बिद्रीतल्या आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते वहीत चढवून झाले, बाकीच्या बायका उठल्या, पण एक ताई मागं थांबली. ख्रिस्ती घरातली आहे. म्हणाली, "मॅडम, पावसाळ्यात रोपलावण, मग भांगलण. दिवाळी झाली की कारखाना सुरू, मालक रात्री-अपरात्री ट्रॅक्टरवर. सकाळ-संध्याकाळ डेअरीचं दूध हायच. बायबल उघडलं की फोन तरी वाजतो, न्हाईतर म्हैस तरी वरडती. प्रार्थनेत मनच लागत न्हाई. मी कच्ची ख्रिस्ती हाय का?"

धर्माचं सांगायला मी कोण? पण बीएला इतिहास होता, त्यातल्या पंडिता रमाबाई मला आठवल्या. विधवांसाठी काम केलेल्या बाई म्हणून आपण त्यांना शाळेच्या पुस्तकात वाचतो. त्यांच्या श्रद्धेबद्दल मात्र लोक जरा आवाज खाली करूनच बोलतात. आज मी तेच सांगणार आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढं लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. पण कधी? दिवसभर स्वयंपाक, विद्यार्थी, येणारेजाणारे. म्हणून पहाटे, पाखरं जागी व्हायच्या वेळेला, झोपेनं जड झालेल्या पोरीला गोंजारून उठवायच्या आणि श्लोक म्हणून घ्यायच्या. घर जागं व्हायच्या आधीची ती घटका रमाबाईंना आईकडून मिळाली. मला तर वाटतं, पुढचं सगळं त्या घटकेतूनच आलं.

आईवडील दुष्काळात गेले. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, नवरा पटकीनं गेला. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. 1883 मध्ये लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं ते राहिलं. तिथं वाँटेज गावात त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं गोष्ट संपली असं आपल्याला वाटेल. पण बाप्तिस्म्यानंतरही त्यांचं मन स्वस्थ नव्हतं. चर्चनं सांगितलेलं प्रत्येक मत डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या जोगिणींशी पत्रांतून त्यांचा वाद चालायचा. पुढं 1907 मध्ये स्वतःच्या श्रद्धेची हकीकत लिहिताना त्यांनी कबूलच केलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी भेटला. एवढी मोठी विदुषी हे लिहिते, आणि आपली ताई एका हंगामात प्रार्थना चुकली म्हणून स्वतःला कच्ची म्हणते!

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः लेकीबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं ठेवायच्या. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. आपली लेक दुसऱ्याच्या घरी ठेवली तर आपल्यालाही असंच वाटलं असतं. पण रमाबाईंना दार लावून घेणं जमण्यासारखं नव्हतं. लपवून करायची ती प्रार्थना कसली, असा त्यांचा स्वभाव.

मग आलं केडगाव. पुण्याहून दौंडकडं जाणाऱ्या रेल्वेवर हे गाव आहे. तिथं संत्र्याची बाग करून संस्थेला उत्पन्न करायचं, म्हणून जमीन घेतली होती. 1896-97 चा दुष्काळ पडला आणि रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीनं हाडं निघालेल्या शेकडो मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. मग मुलींना बागेतच आणलं, आणि तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, तेव्हा माणसांचा आकडा दोन हजारांच्या जवळपास गेला. मैत्रिणींनो, लग्नाच्या पंगतीला दोनशे पानं वाढताना आपला जीव मेटाकुटीला येतो. तिथं रोज एवढ्यांचं जेवण, आजारपणं, विहिरीच्या पाण्याची काळजी. मुली विणकाम करायच्या, तेलाचा घाणा चालवायच्या, शेत बघायच्या, छापखानाही चालवायच्या.

या सगळ्या धबडग्यात, वय पन्नाशीकडं झुकलेलं असताना, रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं. मराठी बायबल आधी नव्हतं असं नाही. श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी नवा करार 1811 मध्येच छापला होता. पण रमाबाईंच्या मते मराठी भाषांतरांची भाषा खेड्यातल्या बाईला कळणारी नव्हती. मग मूळ ग्रंथच का बघू नये, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उरलेलं आयुष्य, म्हणजे पंधराहून जास्त वर्षं, त्यात गेलं. किती पावसाळे, किती सुगी आल्या-गेल्या असतील! मधे उन्हाळा आला म्हणून शब्द थांबला नाही, आणि शब्दासाठी कुठल्या मुलीला उपाशी ठेवलं असंही झालं नाही.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली. सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा, तीच आधी गेली. तरीही रमाबाईंचं प्रुफं तपासणं शेवटच्या दिवसांपर्यंत चालू होतं. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं, तेही केडगावच्या छापखान्यातून. दुष्काळातून आलेल्या मुलींनी तिथं खिळे जुळवायचं काम शिकून घेतलं होतं. आज चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी दुसरंच भाषांतर वाचतात, हेही सांगायला हवं.

पुढच्या बैठकीला मी हे सगळं त्या ताईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे धार काढताना केलेली चालती म्हणायची." आणि डेअरीची वेळ झाली म्हणून किटली उचलून निघाली.