साखरेपलीकडचा शोध

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्पसनला इन्शुलिन टोचण्यात आले. तोवर मधुमेही मुले बेशुद्धीत जाऊन दगावत. इन्शुलिनमुळे रोगी वर्षानुवर्षे जगू लागले आणि मग दुसरेच दुखणे पुढे आले. रोहिण्या अरुंद होऊन कुणाला हृदयविकाराचा झटका, कुणाला पक्षाघात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून चाललेल्या पाहणीतून १९७९ साली हा धोका मधुमेहींना दोन ते तीन पट असल्याचे मांडले गेले.

मग रक्तातील साखर आटोक्यात ठेवली की हृदयही वाचेल, असे कोणालाही वाटेल. ते खरे की नाही हे पाहण्यासाठी ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमधील २३ केंद्रांत प्रयोग आरंभला. नुकतेच निदान झालेले ५१०२ रोगी त्यात घेतले. निकाल हाती यायला १९९८ उजाडले!

काटेकोर उपचारांनी डोळे, मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराचे झटके १६ टक्क्यांनी घटले. पण उपचार निरुपयोगी असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ०.०५२ निघाली. संख्याशास्त्रात संकेताने मानलेली मर्यादा ०.०५. (वर्गात संभाव्यता शिकवताना याहून बोलके उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही. ही रेषा माणसानेच आखलेली आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.)

याच प्रयोगात रक्तदाब जास्त असलेल्या ११४८ रोग्यांची वेगळी तुलना होती. एका गटाचा सरासरी दाब १४४/८२, दुसऱ्याचा १५४/८७. वरच्या आकड्यात फरक अवघा दहाचा, तरी पहिल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी! सारे लक्ष साखरेकडे लागलेले असताना खरा धक्का रक्तदाबाने दिला, असे आम्हाला वाटते.

तरीही साखर आणखी खाली नेण्याचा मोह सुटला नाही. अमेरिका व कॅनडातील दहा हजारांवर रोग्यांच्या एका प्रयोगात ती जवळजवळ निरोगी माणसाइतकी उतरवण्याचा यत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू, नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये तो कडक उपचार थांबवावा लागला.

डेन्मार्कमधील स्टेनो केंद्राने निराळी वाट धरली होती. रोगी फक्त १६०. निम्म्यांना साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या तिन्हींवर एकदम उपचार, जोडीला आहार, व्यायाम, धूम्रपान सोडण्यास मदत. सुमारे आठ वर्षांत त्यांच्यातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या दुर्घटनांचा धोका जवळपास निम्म्यावर आला. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग संपल्यावर उरलेल्या निम्म्यांनाही तेच उपचार देऊ केले गेले. तरी २१ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा आधी सुरुवात केलेल्यांचे मध्यक आयुर्मान ७.९ वर्षांनी अधिक भरले.